सरड्याखालची माती

९ जानेवारी

दादा,

पत्राच्या वर काय लिहावं यावर दोन कागद फाडले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील, 'प्रिय' लिहिलं तर पुढे वाचणार नाहीस. म्हणून नुसतं दादा. तुझा पत्ता आईच्या शिलाई मशीनच्या खणात होता, बॉबिनांच्या डब्याखाली. मी तो उतरवून घेताना तिने पाहिलं आणि सुईत दोरा ओवत राहिली. फोन केला असता, पण तू उचलणार नाहीस. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. सरड्याच्या पेटीत खाली काय घालावं?

नीट सांगते. मला पदवी मिळाली. आपल्या घरातली पहिलीच. बाबांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "कागद जाड आहे." वाचता येत नसलं तरी वस्तू हातात घेतली की तिचा कस त्यांना कळतोच. जूनपासून मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी पुस्तकातलं झाड न बघता दाराबाहेरचं बघावं, असं मला वाटतं. मुख्याध्यापिका म्हणतात, हे वाटणं दोन वर्षांत जातं.

मागच्या आठवड्यात एक कुटुंब बदली होऊन गेलं आणि जाताना आपला सरडा काचेच्या पेटीसकट शाळेला देऊन गेलं. दाढीवाला आहे, तुझ्या मुकादमाच्याच जातीचा. वीतभर अंग, तेवढंच शेपूट. "तुम्ही विज्ञानाच्या ना?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मग हा तुमचाच." पेटीच्या तळाला लाकडाचा भुसा होता, उग्र वासाचा, आणि त्या वासाने याचे डोळे चिकटलेले. तो सगळा फेकून दिला. आता नुसती काच आहे. चालताना नखं घसरतात, मग तो मान वर करून माझ्याकडे बघतो, जणू काही मीच तेल ओतून ठेवलंय.

दुकानदार म्हणतो, 'पचणारी वाळू' घ्या, पोटात गेली तरी हाडांना बरी. नाहीतर अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घ्या, दिसायला वाळवंट. बाबा म्हणतात, "फरशी घाल. खरखरीत बाजू वर. पुसायला सोपी आणि जन्मभर टिकते." आई म्हणते, "सरड्याला अंथरूण शोधताय, आणि माणसं चटईवर."

मला ते खऱ्या जमिनीसारखं हवंय. त्याला खणता आलं पाहिजे, अंग पुरून बसता आलं पाहिजे. आणि त्यापायी त्याला काही व्हायला नको. वाळू मी घालणार नाही. बाकी तू सांगशील ते.

पेटी तुझ्या खोलीत ठेवली आहे, मुकादमाची असायची त्याच टेबलावर. दुसरीकडे ऊन नाही, म्हणून. एका ओळीचं उत्तर चालेल.


२४ जानेवारी

दादा,

उत्तर आलं. पाच ओळी. "वाळू नको. पचणारी तर मुळीच नको, ती पोटात गोळा होते. भुसा नको, टरफलं नकोत, ती आतडं कापतात. सध्या वर्तमानपत्र घाल. पंधरा दिवस विष्ठा बघ, नीट असली तर मातीचं सांगतो." खाली सही नाही. चालेल.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नऊ वर्षांनी पोराचा शब्द आला, आणि त्यात काय, तर सरड्याची घाण." मग बराच वेळ मशीन चाललं नाही.

कागद घातला. पाहुणा (हे नाव आईचं, "पाहुणाच म्हणा, चार दिवसांत जाईल") त्यावर नीट चालतो, खातो, आणि तू म्हणतोस ते सगळं वेळेवर होतं. पण तो खणतो. कागद आहे हे त्याला कळत नाही असं म्हणावं, तर तो एकाच कोपऱ्यात खणतो. मधल्या खोलीच्या दाराकडचा कोपरा. परवा मी पेटी फिरवून ठेवली, म्हणजे तो कोपरा खिडकीकडे आला. पाहुण्याने कोपरा बदलला. परत दाराच्या दिशेलाच. शाळेतून होकायंत्र आणून तीन वेळा फिरवून पाहिलं. हसू नकोस. तिन्ही वेळा तेच.

शाळेतून आल्यावर त्याला तासभर मोकळा सोडते. आपल्या घरातल्या फरश्या तुला आठवतच असतील, बाबांच्या प्रत्येक कामावरून उरलेल्या. स्वयंपाकघर म्हणजे एका दवाखान्याचा जिना, तुझी खोली म्हणजे कुणाची तरी गच्ची. एवढ्या फरश्यांमधून हा चालत जातो तो मधल्या खोलीतल्या एका राखाडी फरशीवर, भिंतीजवळच्या. तिथे ऊन कधीच येत नाही. पोट टेकवून, डोळे मिटून बसतो. मी थर्मामीटर लावला. शेजारच्या फरश्यांइतकीच गार आहे. ऊब शोधणारा प्राणी गार जागी का बसेल? सुचलं तर लिही.

तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. बाबांनी काम सोडलं. दगड कापायच्या यंत्राची धूळ छातीत बसली आहे. दारापर्यंत गेले तरी थांबून भिंत धरतात. दिवसभर खुर्चीत असतात आणि काठीने बसल्या जागेवरून फरशी ठोकत राहतात. आई म्हणते, सवय. काम हाताचं सुटलं, कानाचं सुटलं नाही.


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्रातली माती तयार केली. आधी कबूल करते, "सात वाट्या माती, तीन वाट्या धुतलेली वाळू" हे वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. वाळू नको म्हणणारा तूच. मग पुढचं वाचलं, की मातीत मिसळून, ओली करून, दाबून घट्ट बसवली की ती सुटी होत नाही आणि तोंडात जात नाही, फक्त खाणं वेगळ्या ताटलीत द्यायचं. पटलं. तरी वाळूची प्रत्येक वाटी दोनदा मोजली.

शाळेमागच्या मोकळ्या जागेतली माती आणली, खत कधी न पडलेली. आईच्या मोठ्या कढईत भाजली. घरभर वास. आई म्हणाली, "वाढू का सगळ्यांना?" बाबांनी खुर्चीतून हुकूम सोडले. पाणी कमी. अजून कमी. मूठ वळली पाहिजे, पण हाताला लागता कामा नये. मग माती त्यांनी स्वतःच्या लहान थापीने दाबली, पेटी मांडीवर घेऊन, मध्ये मध्ये दम घेत. बोटाने टिचकी मारून ऐकलं. "बसली," म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं.

आठवडाभर माती सुकू दिली. दादा, दिसते इतकी सुंदर. दोन दगड ठेवले, एक वाळकी फांदी. पाहुणा आत गेला, जीभ लावून पाहिली, आणि पहिल्यांदाच तो कुठेतरी आहे असं वाटलं. नाहीतर कुणीतरी ठेवलेला वाटायचा.

आणि पावलं उमटतात. कागदावर हे कधी कळलंच नसतं. वरचा थर किंचित मऊ आहे, त्यावर पाच बोटांचे ठसे आणि मधून शेपटीची एक बारीक रेघ. मुलांना दाखवायचं म्हणून मी रोज सकाळी वहीत काढून घेते आणि थापीने माती परत सपाट करते.

गुरुवारी सकाळी वही घेऊन गेले तर दोन माग होते. एक पाहुण्याचा. दुसऱ्यात पुढची पावलं होती, मागची नव्हती. त्या जागी दोन रेषा, शेजारी शेजारी, ओढल्यासारख्या, आणि त्यांच्यामधून पोटाचा रुंद चर. जड पोट मातीवरून नेल्यावर पडेल तसा. पाहुणा दगडावर झोपला होता. उठवून चालवला. चारही पाय उचलून चालला.

शुक्रवारी परत होता. शनिवारी परत. आज रविवार. आजही आहे.

एकाच सरड्याच्या दोन चाली असू शकतात का?


७ मार्च

दादा,

तू एक पूर्ण पान लिहिलंस. आईने ते पत्र हातात घेऊन नुसतं वजन करून पाहिलं.

मागचे पाय ओढले जात असतील तर आतडं तुंबलंय, त्याचा दाब कण्यावर येतोय, कोमट पाण्यात बसव आणि आजच्या आज डॉक्टरकडे ने, असं तू लिहिलंस. शाळेतून अर्धी रजा घेऊन नेला. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, फोटो काढला, उजेडासमोर धरला. "पोट लखलखीत आहे," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला, पाय ओढतो म्हणून? हा तर माझ्या टेबलावरून पळून जायच्या बेतात आहे."

आता पुढचं मी जसं घडलं तसं लिहिते, एक शब्द वाढवत नाही.

डॉक्टरकडे निघताना पेटी रिकामी होती. माती मी थापीने सपाट केली, झाकणाची कडी लावली. सकाळचे साडेदहा. परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते, खोलीत लख्ख ऊन. पाहुणा माझ्या हातातल्या डब्यात. पेटीत माग होता. दोन पुढची पावलं, दोन रेषा, मधे चर. तो पेटीच्या मधूनच सुरू होत होता. त्याच्या मागे काही नाही, कोपऱ्यातून आलेला नाही, झाकणाकडून आलेला नाही. मातीखालून वर यावं तसा. आणि मग सरळ तुझ्या खाटेकडच्या काचेपर्यंत. काचेशी माती ओरबाडलेली.

आई घरीच होती. "खरखर ऐकली," म्हणाली. "मला वाटलं तू आलीस आणि पेटी घासतेयस. हाक मारली, तर तू ओ दिली नाहीस."

मी नव्हतेच.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस, "मागचे पाय ओढल्याच्या रेषा तू बघता क्षणी कशा ओळखल्यास? मी इतकी वर्षं सरडे पाळले, मी स्वतः त्या कधी पाहिल्या नाहीत."

पुस्तकात वाचलं होतं.

माती काढून परत कागद घालू का? कागदावर काही उमटत नाही. तू म्हणशील तसं करते.


१६ मार्च

दादा,

पुस्तकात वाचलं नव्हतं.

तू "माती राहू दे, आणि खरं लिही" एवढंच पाठवलंस. ते पाकीट मी तीन दिवस दप्तरात घेऊन हिंडले. वर्गात मुलांना सांगत होते, प्रयोगात जे दिसलं तेच लिहायचं, हवं ते नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, आपलंच चुकलं असेल तर?" मी म्हटलं, तर तेही लिहायचं. आता लिहिते.

तू आठ दिवस कामासाठी बाहेर होतास. मी तेरा वर्षांची होते. मुकादम वर्तमानपत्रावर बसून कंटाळलेला दिसायचा, मान हलवायचा, कामगारांवर नजर ठेवल्यासारखा. मला वाटलं, तू परत येशील तेव्हा त्याला खरं वाळवंट मिळालेलं असावं. माझ्या पुस्तकात चित्र होतं, पांढऱ्या वाळूचं. बाबांच्या सामानात तशीच पांढरी वाळू होती, एका फाडलेल्या पोत्यात. इतकी बारीक, इतकी शुभ्र. मी दोन तसराळी भरून घातली. वरून पाणी शिंपडलं, कारण वाळवंटात त्याला तहान लागेल.

फरश्यांचे सांधे भरायला बाबा वाळूत पांढरं सिमेंट कालवून ठेवतात, हे आपल्या घरातलं कुणीही शेंबडं पोर सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण ते मला बाबांच्या पोत्यात असताना ठाऊक होतं. पेटीत घातल्यावर ते वाळवंट झालं होतं.

तो ते चाटायचा. अळीबरोबर गिळायचा. चौथ्या दिवशी मागचे पाय ओढायला लागला. पांढऱ्या वाळूत दोन रेषा आणि पोटाचा चर. मी बघत होते. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वाळवंट काढावं लागलं असतं आणि तू यायला चारच दिवस होते. आठव्या दिवशी सकाळी तो गार पडला होता. पोट दगडासारखं. दुपारी तू येणार होतास.

बाबा तेव्हा मधली खोली करत होते. वाळूचा थर पसरून ते जेवायला बसले होते. मी मुकादमाला भिंतीजवळच्या थरात पुरलं आणि वर हाताने सारखं केलं. जेवण झाल्यावर बाबांनी त्यावर राखाडी फरशी बसवली.

तू आलास, पेटी रिकामी बघितलीस, आणि बाबा म्हणाले, "मी सोडून आलो त्याला माळावर. घाण करत होता." तू त्यांना काय काय बोललास ते आठवतं ना? त्यांनी तोंड उघडलं नाही. आठवड्याने तू गेलास. मला निघताना पेन देऊन गेलास, खूप शीक म्हणून.

मला वाटायचं, बाबा तसं का म्हणाले हे मला माहीत नाही. काल विचारलं.

"ती राखाडी फरशी, बाबा."

"पोकळ वाजते," ते म्हणाले. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. "फरशी बसवली की मी ठोकतो. पोकळ वाजली की उचलतो, खाली सिमेंटचा माल भरतो, परत बसवतो. सगळ्या जन्मात एकच तशी सोडली."

"का?"

"तुझ्या नखांत पांढरं होतं."

एवढंच, दादा. बाबांनी त्याला हात लावला नव्हता. नऊ वर्षं तू ज्यांच्याशी बोलत नाहीस ते चुकीचं माणूस आहे.


१९ मार्च

दादा,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं लिहिलं नव्हतं, हे बघ. मी जपूनच लिहिलं होतं. राहिलेलं हे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एका तासाला बाईंनी शिकवलं, की थंडीत आणि आजारात सरपटणारे प्राणी गार पडतात, ताठ होतात. श्वास इतका मंद की दिसत नाही. नवखा माणूस त्यांना मेलेलं समजून पुरून टाकतो. वर्ग हसला. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. त्या दिवसापासून मी त्या फरशीवर पाय ठेवलेला नाही. बी.एस्सी. आहे मी, घरात भिंतीला धरून चालते.

हे मी बाबांनाही सांगितलं. वाटलं, त्यांना हे तरी ठाऊक नसेल.

ते खूप वेळ खोकले. मग काठी घेऊन उठले. मी धरायला गेले तर हात झटकला. त्यांनी राखाडी फरशी ठोकली. डब्यासारखी वाजली. "ही पहिल्या दिवशी," म्हणाले. शेजारची ठोकली. "ही आठवड्याने. मला वाटलं, माझा कान गेला." पुढची. "ही तू दहावीला होतीस तेव्हा." पुढची, तिच्या पुढची. भिंत धरून, दम घेऊन, एकेक. आजूबाजूच्या भरीव, आणि मधून ही एक पोकळ वाट, वाकडी नाही, फाटा नाही. मधल्या खोलीतून निघून तुझ्या खोलीचा उंबरा ओलांडते. अकरा फरश्या. अकरावी तुझ्या खाटेखाली.

"दरवर्षी एक, कधी दोन," बाबा म्हणाले. "काय आहे ते मला विचारू नकोस. मी फरशीवाला आहे. खाली पोकळ आहे एवढं सांगतो. आणि कुणीतरी माल बाजूला सारतंय, घाई न करता."

"उचलून बघूया?"

"ज्याचा होता त्याला विचार."

म्हणून विचारते.


१० एप्रिल

दादा,

तू येऊन गेलास त्याला सहा दिवस झाले. तू माझ्याशी बोलला नाहीस ते बरोबरच आहे, तरी मला लिहायची सवय लागली आहे, म्हणून हे एक.

दार मी उघडलं. तू माझ्या खांद्यावरून आत पाहिलंस आणि आत गेलास. केस पिकलेत तुझे, कानांवर. आईने तुझ्या शर्टाचं लोंबतं बटण पाहिलं, आणि तू पाणी पीत असतानाच ते अंगावरच शिवून दिलं. बाबांपुढे तू बसलास तेव्हा तुम्ही दोघं कितीतरी वेळ जमिनीकडे बघत होतात.

"दम लागतो?" तू विचारलंस.

"चालायचं झालं तर लागतो," बाबा म्हणाले. "बसून भांडायला पुरतो."

तेव्हा तू हसलास. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं.

मग तू काठी घेतलीस आणि अकराही ठोकल्यास. तुझ्या खोलीत खाट सरकवून जमिनीला कान लावून आडवा झालास. मी मोजत नव्हते, पण उन्हाची तिरीप तुझ्या पायांवरून पाठीवर आली. बाबांनी आतून ओरडून विचारलं, "हातोडा देऊ? पहारही आहे."

"नको," तू म्हणालास. "आत असेल तर घाबरेल."

उठलास तेव्हा गालावर फरशीचा खरखरीत ठसा उठला होता. पाहुण्याच्या पेटीत अंगठा दाबून पाहिलास. सकाळचा माग तिथे होता, तुझ्या बोटांखाली. तू भिंतीकडे बघून म्हणालास, "ओलावा कमी आहे." नऊ वर्षांत माझ्यासाठी म्हणून तू बोललेलं तेवढंच. मी लगेच पाणी घेऊन आले, पण तोवर तू चपला घालत होतास.

माफी मागत नाही. ती मागितली की द्यायची की नाही हे तुला ठरवावं लागतं, आणि ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही. मी पाणी शिंपडत जाईन.


३० एप्रिल

पोरा,

तुझं पत्र मिळालं. माझ्या नावचं म्हणून पोरीने ते फोडलं नाही, मला आणून दिलं आणि वाचू का विचारलं. दुसरं कोण आहे वाचायला. "तिला यातलं सांगू नका" असं तू लिहिलंयस ते तिने मोठ्याने वाचलं, अडखळली नाही. आता मी सांगतो आणि ती लिहिते. मनचं काही घालायचं नाही असं बजावलंय.

तू लिहितोस, तिकडे परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या भाड्याच्या खोलीत खिडकीखालची एक फरशी पोकळ वाजायला लागली, आधी वाजत नव्हती. आणि तुझ्या काचकामाची जी बारीक पूड जमिनीवर बसते तिच्यात सकाळी दोन रेषा असतात. घरमालकाला सांगून फोडून घेऊ का, विचारतोस.

फोडू नकोस. मी तीनशेवर घरं केली आहेत, माझं ऐक. पोकळ फरशी वजनाने फुटते, नाहीतर ती काही करत नाही. खाट आणि पेटारा तिच्यावरून काढ. चालताना टाळ. बाकी राहू दे.

तू गेलास त्याच्या पंधराव्या दिवशी मी इथलं सगळं घर ठोकलं. दोन तास लागले, आई ओरडत होती. राखाडी भरीव आहे. तुझ्या खाटेखालची भरीव आहे. अकराच्या अकरा अशा वाजतात जशा मी कालच माल भरून बसवल्या. चाळीस वर्षांत माझा इतका चांगला थर जमला नव्हता. सरडा आता दिवसभर उन्हात लोळतो, पेटीत त्याचीच पावलं असतात. म्हणजे आमच्याकडे काही नाही. जे होतं ते तुझ्याकडे आलंय. ते तुझ्याचकडे निघालं होतं, तूच घरी नव्हतास.

तर असं कर. एक पसरट लाकडी खोकं घे. सात वाट्या माती, तीन वाट्या वाळू, ते तुला माहीत आहे, तूच सांगितलंयस. भाजून घे. नीट दाब, मी आलो असतो तर मीच दाबली असती. खिडकीखाली त्या फरशीला लागून ठेव. काचेची पूड रोज ओल्या फडक्याने पुसत जा, ती पोटात जाता कामा नये. आणि रोज सकाळी माती सपाट कर, म्हणजे काल कुठवर आला ते कळेल.

भीती वाटते असं तू लिहिलं नाहीस, पण अक्षर तसं आहे असं पोरगी म्हणते. हे तिचं वाक्य आहे, मी राहू दिलं.

नऊ वर्षांत मी तुला पत्र घातलं नाही, कारण लिहायला तिलाच सांगावं लागलं असतं, आणि ती काय लिहील, ते मला समजलं नसतं. आता सांगता येतं. तू मला लिही. महिन्यातून एक पुरे. वाचून दाखवायला ती आणि उत्तर लिहायला ती, एवढं तुला सोसावं लागेल. तू तिला माफ केलंस असा त्याचा अर्थ मी काढणार नाही, तीही काढणार नाही.

शेवटी आपलं नाव घालू का, विचारत होती. मी म्हटलं, पत्र माझं आहे.

बाबा